आण्णा, बोनस घेतला आहे

शिकागो, १६ ऑक्टोबर २०२२

तीर्थरूप आण्णांस व आईस शिरसाष्टांग नमस्कार.

कागदावर लिहून त्याचा फोटो धाडतोय. गेले तीन रविवार फोनवर एक गोष्ट सांगायची म्हणून ठरवत होतो. पण आई "जेवलास का?" म्हणाली की ती तशीच राहून जायची. माझी तब्येत उत्तम आहे. खोकला कधीच गेला. रॅलेला सूनबाई आणि पिलू मजेत आहेत. थंडीचं, गाडीचं, डब्याचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आईनं विचारलं होतं, घर रॅलेला तर शिकागोला झोपतोस कुणाकडे? तेव्हा मी "मित्राकडे" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो. इथल्या पायलटांची एक विचित्र रीत आहे. घर एका गावात आणि कामाचं ठाणं भलतीकडे. माझं ठाणं शिकागो, म्हणजे घरापासून हजारेक किलोमीटर. ड्यूटीच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या विमानानं फुकट येतो. प्रवाशांची जागा भरली असेल तर कॉकपिटमध्ये पायलटांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिच्यावर बसतो. पण आधी दारात उभं राहून कॅप्टनला तोंडी परवानगी मागायची. गणवेश असो, ओळखपत्र असो, विचारल्याशिवाय बसायचं नाही. एवढं करूनही जागा मिळाली नाही तर पुढचं विमान गाठायचं.

मग शिकागोत विमानतळाजवळ एक घर आहे. त्याला सगळे क्रॅशपॅड म्हणतात. नावाला घाबरू नका, अपघाताशी त्याचा काही संबंध नाही. दमून अंग टाकायची जागा एवढाच अर्थ. तीन खोल्या, त्यात एकावर एक लोखंडी पलंग. स्वतःचा ठरलेला पलंग हवा तर भाडं जास्त. कमी भाड्यात जो रिकामा असेल तो पलंग घ्यायचा, आपली चादर पसरायची, उठताना गुंडाळून ठेवायची. मी दुसऱ्या प्रकारातला. फ्रिजमधल्या डब्यावर आपलं नाव लिहायचं. आणि घरात बोलायचं नाही, कारण कोणत्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतं. माझ्या वरच्या पलंगावर झोपणाऱ्याचे बूट मी आठ महिने बघतोय, तोंड अजून पाहिलेलं नाही.

आण्णा, तुम्हाला हे लगेच कळेल. आजोबा लालबागच्या गाळ्यात असेच राहायचे ना? एक पाळी गिरणीत गेली की तिच्या जागेवर दुसरी पाळी येऊन पडायची, भिंतीला वळकट्या, खुंटीला कपडे, जेवायला खानावळ. मला रात्री तिथं पडल्यावर तुम्ही सांगितलेलं सगळं आठवतं. घर स्वच्छ आहे, गरम पाणी आहे, तेव्हा आईला काळजीचं कारण नाही.

आता पगाराचं. पाटीलकाकांनी हिशेब केला म्हणे, तासाला ९० डॉलर, दिवसाचे आठ तास, महिन्याचे तीस दिवस. त्यांना सांगा, विमानाचा तास असा मोजत नाहीत. दार लावून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पोचून थांबलं की बंद. सकाळी पाचला हजर झालो, विमान तपासलं, वादळ थांबायची वाट बघितली, दोन खेपांच्या मधे तीन तास बसलो, यातलं त्या घड्याळात काही येत नाही. बारा तासांच्या ड्यूटीत कधी पाचच तास भरतात. महिन्याला ७५ तासांची हमी आहे, म्हणजे ६,७५० डॉलर, त्यातून कर वजा. वाईट मुळीच नाही. गेल्या वर्षी लागलो तेव्हा याच्या निम्माच दर होता, आणि सात-आठ वर्षांपूर्वी असल्या कंपन्यांत तासाला वीस-पंचवीस डॉलरवर मुलं लागायची.

असल्या कंपन्या म्हणजे काय, हे मी कधी नीट सांगितलंच नाही. विमानावर रंग आणि नाव बड्या कंपनीचं, तिकीटही तिचंच. पण छोट्या गावांच्या खेपा करणारी कंपनी वेगळी, माणसं वेगळी, पगार वेगळा. २०२० साली कोरोनात विमानं जमिनीवर बसली तेव्हा बड्या कंपन्यांनी हजारो जुन्या पायलटांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं. तसंही ६५ व्या वर्षी सगळ्यांनाच थांबावं लागतं. मग प्रवासी परत आले तशी त्यांनी आमच्या कंपन्यांतून माणसं उचलायला सुरुवात केली. आधी कॅप्टनच गेले. या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या तीन छोट्या कंपन्यांनी, एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए यांनी, नव्या मुलांचा दर एकदम ९० वर नेला, तेव्हा बाकीच्यांनाही हलावं लागलं. बाहेरून आयत्या येणाऱ्या अनुभवी कॅप्टनला काही जण लाखभर डॉलर बोनस देताहेत. आणि तरी माणूस पुरत नाही. मार्चमध्ये स्कायवेस्ट या असल्याच कंपनीनं २९ गावांची सेवा सोडायची म्हणून सरकारला नोटीस दिली. सरकार पैसे देऊन तिथं विमान चालवतं, आपल्याकडच्या उडानसारखं. आयोवातली मेसन सिटी, फोर्ट डॉज अशी गावं त्यात आहेत. आपली कोल्हापूरची, उजळाईवाडीची धावपट्टी वर्षानुवर्षं कशी ओस पडली होती, ते बघितलेल्या माणसाला ही बातमी लागते.

"मग माणसं नाहीत म्हणून पोरंटोरं बसवतात का?" असं तुम्ही विचारलंत. नाही. (एवढं आईला वाचून दाखवू नका.) १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ असल्याच एका कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. सहवैमानिक २४ वर्षांची होती. आदल्या रात्री सिएटलहून, माझ्यासारखीच मागच्या खुर्चीवर बसत, देश ओलांडून कामावर आली होती. त्यानंतर कायदा बदलला. पूर्वी उड्डाणाच्या २५० तासांवर सहवैमानिक होता यायचं, आता साधारण १,५०० लागतात. विश्रांतीचे नियमही कडक झाले, दोन ड्यूट्यांच्या मधे निदान दहा तास. आता टंचाई आहे म्हणून रिपब्लिक नावाच्या कंपनीनं आपल्या पायलट-शाळेतल्या मुलांसाठी तासांची अट निम्मी करा असा अर्ज केला होता. सरकारनं गेल्याच महिन्यात तो फेटाळला, आणि मला बरं वाटलं. ते तास मी फ्लोरिडात मुलांना शिकवत, उन्हात भाजत भरलेत. मी थकलो असेन तर थकलो म्हणून कळवतो आणि उडत नाही. याची शपथ घेतो.

आता जे सांगायचं ते. कंपनीनं थांबण्यासाठी बोनस देऊ केला होता, २० हजार डॉलर, निम्मा आता, निम्मा वर्षानं. मी सही केली आहे. दोन वर्षं कंपनी सोडायची नाही. सोडली तर घेतलेलं सगळं परत, कापलेल्या करासकट.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. आपल्या घरात बोनस हा शब्द साधा नाही. १९८१ च्या दिवाळीत बोनसावरूनच ठिणगी पडली, जानेवारीत संप झाला, आणि आजोबा ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. "माणूस कमी पडला की मालक गोड बोलतो, गिऱ्हाईक कमी झालं की टाळं लावतो," हे तुमचं वाक्य सही करताना माझ्या कानात होतं. तुमची भीती खोटी नाही. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात इथं ट्रान्स स्टेट्स आणि कम्पास अशा दोन कंपन्या बंद पडल्या. पण माझे तास माझ्या वहीत आहेत, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. असल्या कंपनीच्या विमानावरचे एक हजार भरले की कॅप्टनच्या प्रशिक्षणाला जाता येईल, उन्हाळ्यापर्यंत भरतील. आकासा या नव्या विमान कंपनीचं कात्रण मिळालं. मुंबईत नोकरी, घरापासून एका रात्रीवर, मला का नको वाटेल? पण तिथला परवाना, परीक्षा, आणि इथले हे पैसे परत करणं, हे आत्ता जमणार नाही. दोन वर्षांनी परत बोलू.

कर कापून हातात साडेसहा हजार आले. त्यातले ५,००० आण्णांच्या खात्यात टाकलेत, चार लाखांच्या वर होतील. माझ्या शिक्षणासाठी मळ्यावर काढलेलं राहिलेलं कर्ज एकरकमी फेडा. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. नवा उतारा निघाला की मला फोटो पाठवा. उरलेले सोनीच्या साड्यांना.

सोनीच्या लग्नाला मला येता येत नाही. सुट्ट्या सेवाज्येष्ठतेनं वाटतात, माझ्या वाट्याला फेब्रुवारीचा आठवडा आला. बिनपगारी रजा मागितली, दोनदा मागितली. डिसेंबरात माणसं नाहीत म्हणून नाकारली. सूनबाई आणि पिलू येतील, तिकिटं काढली आहेत. सोनीला मी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, मी स्वतः सांगेन.

कानपिळीला संभाला उभा करा. त्याला म्हणावं, जोरात पिळ, माझ्या वाटचीपण. जावईबापूंना मी वेगळा फोन करतो.

मुहूर्त साडेबाराचा म्हणजे इथं रात्रीचा एक. त्या दिवशी मी शिकागोतच आहे. घरात बोलता येत नाही, म्हणून जाकीट घालून मागच्या अंगणात येऊन उभा राहीन. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी फोन लावा आणि चालू ठेवा.

तुमचा,
बाळू