करपलेल्या नारळावर कोयता नको

संपादक महोदय,

मे सरत आला की मिरज, तासगाव, जत भागात बांधावरचे नारळ आणि बंगल्यांपुढचे रॉयल पाम करपलेले दिसतात. मग झाड ‘साफ’ करायला कोणीतरी कोयता घेऊन येतो. उन्हाने झाले नसेल तेवढे नुकसान त्या कोयत्याने होते. झावळीची टोके वाळली तरी उरलेला हिरवा भाग अन्न तयार करत असतो, आणि जुन्या झावळीतले पालाश (पोटॅश) झाड नव्या पानाकडे वळवते. शिवाय ताज्या कापाच्या वासावर झाड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. पूर्ण वाळून लोंबणारी झावळीच काढावी, तीही खोडापासून चार फूट देठ ठेवून.

नारळाला वाढीचा कोंब एकच. तो शाबूत तर झाड शाबूत. लहान झाडावर हे सहज तपासता येते. मधली न उलगडलेली सुरळी आणि शेजारचा देठ यांवर एका रेषेत पेनाने खूण करा. दोन-तीन आठवड्यांत सुरळीवरची खूण वर सरकली, तर काळजी नाही. सुरळी हलक्या हाताने ओढताच निघून आली आणि बुडाला घाण वास असला, तर कोंब कुजतोय. कुजका भाग खरवडून बोर्डो मलम लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी बादली चालत नाही. नवी सुरळी येईपर्यंत जखमेत पावसाचे पाणी जाऊ देऊ नका.

पाणी बुंध्याशी ओतून उपयोग नाही. मोठ्या झाडाची कामाची मुळे खोडापासून पाच-सहा फुटांपर्यंत पसरलेली असतात; ठिबकच्या तोट्या खोडापासून तीनेक फुटांवर गोलाकार ठेवा आणि उन्हाळ्यात रोज 40 ते 50 लिटर सकाळी द्या. आळ्यात वीतभर पाचट, खोडापासून थोडे दूर. तेच पाचट बांधालगत पेटवले की नारळाचे खोड भाजते, आणि त्या खोडाची जखम आंब्यासारखी साल धरून भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते. खत मात्र नवी झावळी उलगडेपर्यंत थांबवा.

पलूस-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यात जरा थांबून बघावे. ऊन लागते ते बहुधा नैऋत्येच्या बाजूला, उघड्या पानांवर, चार-दोन दिवसांत. खालच्या झावळ्यांची टोके वर्षभर हळूहळू जळत असतील तर दोष क्षारांचा. तिथे निचऱ्याचा चर काढल्याशिवाय पाणी वाढवणे म्हणजे रोग वाढवणे.

नर्सरीतली रोपे शेडनेटखालून काढून एप्रिलच्या उन्हात लावली की हमखास भाजतात. लागवड जूनमध्येच करावी. तोवर दोन-तीन आठवडे रोज थोडे जास्त ऊन दाखवावे. पहिले दोन उन्हाळे नैऋत्येला झावळ्यांचा आडोसा हवा. नगरपालिकेच्या रस्त्यांवर पामच्या बुडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात, ते निदान तीन फूट मागे घ्यावेत.

उष्णतेने बारीक फळे गळतात. पोय (फुलोरा) उमलल्यापासून नारळ पिकायला सुमारे वर्ष लागते, त्यामुळे यंदाच्या मेचा घड पुढच्या मेमध्ये रिकामा दिसेल. तेव्हा झाड वांझ ठरवून तोडू नये.

– एक वाचक, मिरज