उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांना, टॉर्च धरल्याबद्दल

काका, शि. सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंयत, म्हणून नुसतं काका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभे राहणारे काका शेकड्यांनी असतील. त्यातले कुठले, हे तुम्हाला कळलं की झालं.

मारुती जिप्सी काल करूळ घाट उतरून परत चढून आली. टेम्परेचरचा काटा मध्यावर, गिअर बोटानं पडतायत, बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या खोक्याखाली) तेलाचा एक थेंब नाही. कार्ब्युरेटरचं ८ व्हॉल्व्हचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन काढून मारुती एस्टीम कारचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) बसवलं, एवढीच खरं तर गोष्ट. दोन्ही १२९८ सीसी, दोन्ही सुझुकीच्या जी१३ घराण्यातली, म्हणून "सरळ बसतं" असं जो तो सांगतो. सरळ बसतो तो ब्लॉक. एस्टीममध्ये इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं. जिप्सीत ते उभं, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स. सगळी गोम त्या पाठीतच आहे, आणि आधीच्या गॅरेजवाल्यांनी नेमकी तिथेच माती खाल्ली.

त्यांचं नाव घेत नाही. तीन महिने गाडी ठेवून घेतली, शेवटी "इंजिनच बाद आहे, दुसरं बघा" म्हणाले आणि पैसे पूर्ण घेतले. काय केलंत, असं विचारलं की एकच उत्तर: "तुम्हाला नाही कळायचं ते." गाडी टो करून घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली, तेव्हा क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स खरखरत होता आणि बेलहाउसिंगचा एक कान तडकलेला होता.

त्या रात्री तुम्ही पावसातून आलात. इंजिन चेनकप्पीला टांगलेलं, गिअरबॉक्स जॅकवर मागे सरकवलेला, क्लच उतरवलेला. काहीही न विचारता फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या पाठीवरच्या जड चाकाच्या, मधल्या भोकात बोट घातलंत आणि म्हणालात, "हितलं बेअरिंग कुठाय?"

तीन महिन्यांचं कोडं तीन शब्दांत सुटलं. जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं. एस्टीमच्या गिअरबॉक्सला त्याची गरजच नाही, म्हणून तिच्या फ्लायव्हीलमध्ये ते नसतं. आधीच्यांनी इंजिनसोबत आलेलं फ्लायव्हील तसंच ठेवून दिलं होतं. शाफ्टचं टोक अधांतरी राहिलं की ते डुलतं, क्लच प्लेट सरळ सुटत नाही, गिअर घासतात. असंच चालवलं तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं, मागोमाग सील, मग तेल थेट क्लच प्लेटवर. इलाज साधा होता: जिप्सीचंच फ्लायव्हील, त्यात नवं बेअरिंग, आणि क्लच प्लेटही जिप्सीचीच, कारण खाचा तिच्या शाफ्टच्या हव्यात. जुन्या बोल्टांची भोकं क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर) जुळतात का, ते तुम्ही आधी कागदावर ठसा घेऊन पाहिलंत. फ्लायव्हीलचा चेहरा लेथवर नुसता साफ केलात, मटेरियल जेमतेम काढलंत, आणि क्रँकला बसवल्यावर डायल गेज (केसभर डगमगही दाखवणारं काट्याचं माप) लावून फिरवून दाखवलंत.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. ब्लॉक आणि बेलहाउसिंग यांच्यामधल्या दोन डॉवेल पिना गायब होत्या. बोल्ट फक्त आवळतात. गिअरबॉक्स क्रँकच्या बरोबर मध्यावर आणतात त्या पिना. त्या नसल्या तर सगळं घट्ट बसलेलं दिसतं आणि शाफ्ट मात्र केसभर वाकड्या रेषेत फिरतो. कान तडकला त्याचंही कारण तुम्हीच सांगितलंत. शाफ्ट शेवटचे तीन-चार सूत आत जाईना, म्हणून कोणीतरी बोल्टांनी ओढून गिअरबॉक्स आत घेतला होता. ॲल्युमिनियम ते किती सोसणार? अर्गन वेल्डिंग करून, तोंड परत सपाट करून तुम्ही तो कान उभा केलात.

पण हे पत्र बेअरिंगसाठी नाही आणि वेल्डिंगसाठीही नाही. ती कामं तुम्हाला रोजची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपरात गुंडाळून नायलॉनचा एक दांडा आणलात. क्लच प्लेट मध्यावर धरायचा डमी; टोक बेअरिंगच्या मापाचं, पुढे जरा निमुळता, मधला भाग प्लेटच्या खाचांत अलगद बसणारा. तो माझ्या हातात दिलात, माझ्या हातातला टॉर्च काढून घेतलात आणि म्हणालात, "आता तुम्ही लावा." आणि तब्बल दोन तास टॉर्च धरून वाकून उभे राहिलात. ज्यांचा हात लेथवर मुरलेला, ते टॉर्च धरणार आणि नवशिका पाना चालवणार! बारा-चौदाच्या पान्यांत माझा गोंधळ झाला तरी तुम्ही हात पुढे केला नाहीत, फक्त उजेड हलवलात. क्लच प्लेट उलटी धरली गेली तेव्हा उजेड तिच्या मधल्या उंचवट्यावर नेऊन थांबवलात. ती बाजू गिअरबॉक्सकडे हवी, हे न बोलता कळलं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, सगळे समान आल्यावरच शेवटचा जोर. डमी काढला तर लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मग गिअरबॉक्स पुढे सरकवला, एकाला टॉप गिअर टाकून मागचा फ्लँज किंचित फिरवायला सांगितलंत आणि शाफ्ट आपसूक आत गेला. बेलहाउसिंग ब्लॉकला टेकलं त्याचा "टक" असा आवाज आला. एकही बोल्ट तोवर लागलेला नव्हता.

त्या "टक"साठी हे पत्र आहे, काका.

बाकीचं तुम्ही जाता-जाता बोललात ते लिहून ठेवलंय, कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), आतली तेलाची जाळी आणि डिपस्टिक (तेल मोजायची काठी) हे त्रिकूट फोडायचं नाही. सम्प एकाचा आणि डिपस्टिक दुसऱ्याची झाली तर काठी पूर्ण दाखवते आणि जाळी चढावर हवा ओढते. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि मागचं क्रँक सील हे इंजिन जमिनीवर असतानाच नवं. पंप बेल्टच्या मागे असतो, नंतर हात घालायचा तर पुन्हा सगळं उघडा. कार्ब्युरेटरच्या मेकॅनिकल पंपावर इंजेक्टर चालत नाहीत, त्यांना अडीच-तीन बार दाब लागतो, म्हणून टाकीत इलेक्ट्रिक पंप आणि वेगळी रिटर्न लाइन. टाकीही एमपीएफआय जिप्सीचीच शोधा म्हणालात, नाहीतर अर्ध्या टाकीवर घाटात गाडी धाप टाकते. नळी इंजेक्शनचीच हवी. साधी नळी आणि जुबिली क्लिप तापलेल्या एक्झॉस्टशेजारी लावणाऱ्याला तुम्ही जी शिवी दिलीत ती इथे लिहिता येत नाही. अर्थिंग इंजिनाच्या हेडवरून बॉडीला आणि बॅटरीला जाड वायरीनं, रंग खरवडून. आयडलिंग वर-खाली होतंय म्हणून सेन्सर बदलत सुटणाऱ्यांनी आधी हे बघावं. आणि पहिल्या स्टार्टआधी इंधन पंपाचा फ्यूज काढून, दहा-दहा सेकंदांनी, तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसतं क्रँकिंग.

कागदांचं म्हणाल तर इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद हवीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरटीओत आधी विचारून मग इंजिन विकत घ्यायचं, उलटं नाही.

उद्यमनगरात फिरताना दिसतं, कुठल्याही शटरपुढे मोडका पार्ट घेऊन उभं राहिलं की हातातलं काम ठेवून कोणीतरी तो उलटापालटा करून बघतो, "हे माझं काम नव्हं, त्या बोळातल्याकडं जावा" म्हणून पत्ता देतो, आणि पत्ता देण्याचे पैसे घेत नाही. तुमच्या नायलॉनचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "भंगारातला तुकडा हुता" म्हणालात. तुकडा भंगारातला असेल, टोकाचं माप भंगारातलं नव्हतं. आणि "तुम्हाला नाही कळायचं" हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही.

डमी शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, ग्रीसचा डाग तसाच आहे. गडहिंग्लजचा एकजण हेच काम काढतोय आणि तो मागतोय. तुमची वस्तू आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही. द्यायचा असेल तर त्याला निरोप धाडतो. टॉर्च धरायला मी जाईन.

आपला,
पत्र्याच्या शेडवाला