बर्फातल्या चाकोऱ्या

परभणी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ पाहिला. माँट्रियालची रात्र, रिकामं पार्किंग, भुरभुरणारा बर्फ आणि त्यात गोल गोल घसरणारी तुझी गाडी. आईनं फोन माझ्या हातात दिला नि म्हणाली, "आता तुम्हीच सांगा तिला काहीतरी." सांगतो. पण खेळू नकोस, असं काही मी सांगणार नाही.

माय, शेवटी गाडीतून उतरून तू चाकांच्या खुणा दाखवल्यास ना, तो भाग मी थांबवून थांबवून पाहिला. पहिल्या वळणावर खुणेची कड धारदार आहे, म्हणजे तिथं चाक नीट फिरत होतं. पुढं खूण रुंद होते, फिसकटते, मागची चाकं बाहेर जातात. तिथं शेपूट सुटली. ज्या बाजूला शेपूट गेली त्याच बाजूला तू स्टिअरिंग फिरवलंस, ते अगदी बरोबर केलंस. पण परत सरळ करायला वेळ लागला, म्हणून गाडी दुसऱ्या अंगाला झोकली गेली. चाकोऱ्या तिथं एकमेकींना छेदतात. शेपूट परत यायला लागली की लगेच स्टिअरिंगही परत आण. आणि नजर खांबावर नको, जिकडं जायचंय तिकडं ठेव. हात नजरेमागं जातात, हे मी आयुष्यभर एस.टी. चालवताना पाहिलंय.

तुझ्या गाडीत जोर पुढच्या चाकांना आहे. वळायचं सोडून ती सरळच रेटायला लागली तर स्टिअरिंग आणखी पिळू नकोस. ॲक्सिलेटरवरून पाय काढ, स्टिअरिंग थोडं सैल कर, चाकाला पकड सापडू दे. आपल्याकडं पावसात काळ्या मातीच्या पांदणीत ट्रॅक्टर असाच सरकतो, तिथंही जो पिळतो तो नालीत जातो. ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरून पाय उचलू नकोस, तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, त्याचं काम करतोय.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. डांबरावर पकड सुटायच्या आधी टायर किंचाळतो, ड्रायव्हरला सावध करतो. बर्फावर तो मुकाट सुटतो. त्यात ताजा भुसभुशीत बर्फ आवाज पिऊन टाकतो, म्हणून तुझ्या व्हिडिओत इंजिन नि तुझं हसणं एवढंच ऐकू येतं. अशा शांततेत वेग कानाला कळत नाही, काट्याकडं बघत राहावं लागतं. दाबलेल्या बर्फावर 20 च्या वेगाला गाडी थांबायला ढोबळमानानं 8 मीटर लागतात. 40 ला दुप्पट नाही, चौपट, म्हणजे 32 मीटर. तुझ्या मागं दिसणारा दिव्याचा खांब एवढा लांब मला तरी वाटला नाही.

म्हणून आधी पार्किंग पायी फिरून बघ. बर्फाखाली कठडे झाकलेले असतात, घसरत्या चाकाचा रिम त्यावर आपटला तर वाकतो. कुणी हटकलं तर वाद न घालता निघ. गाडी बर्फात रुतली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं कर. ते बुजलं तर धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, आत शिरतो, आणि त्याला वास नसतो.

हे सगळं पार्किंगपुरतं. रस्त्यावर एकदासुद्धा नाही. पुलावर तर मुळीच नाही, पुलाला खालूनही गार वारा लागतो आणि तो रस्त्याच्या आधी गोठतो.

इकडं थंडी चांगली पडलीय, ज्वारी हुरड्यावर आलीय. आईनं तिळाची चटणी करून ठेवलीय, कुणी तिकडं निघालं की पाठवते.

तुमच्या क्यूबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. पारा 7 अंशांखाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं नि पकड जाते. गाडी तू जुनी घेतलीयस, म्हणून विचारतो. चारही टायरच्या बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण आहे का ते बघ आणि फोटो पाठव. चारही टायरचे.

तुझा,
बाबा