बोर्ड उभा की आडवा? सोलापूरच्या साखर पेठेतल्या अण्णांना पत्र

अण्णा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सूनबाईंनी तुम्हाला वाचून दाखवावं. दुकानात गिऱ्हाईक असलं तर असू दे, त्यालाही ऐकू दे. परिषदेसाठीच्या माझ्या संशोधनाच्या पोस्टरचं निम्मं काम तुमच्या गिऱ्हाइकांनीच केलंय.

फेब्रुवारीत तुमच्या छपाईच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा पेनड्राइव्ह पुढे करून म्हणाले होते, "ए-झिरो, एक कॉपी, संध्याकाळपर्यंत." तुम्ही फाइल उघडलीच नाही. विचारलंत, "बोर्ड उभा की आडवा?" मला माहीत नव्हतं. परिषदेचा मेल शोधला, तर पोस्टर लावायच्या बोर्डाचं माप त्यात 841 बाय 1189 मिलिमीटर, उभा, असं स्वच्छ लिहिलेलं. माझं पोस्टर आडवं! तीन आठवडे खपून केलेलं, गाइड सरांनी दोनदा तपासलेलं, आणि ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

रडवेली झाले होते, हे तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही चहा सांगितलात आणि फाइल उघडून तशीच मोठ्या कागदावर साध्या शाईत काढलीत. ती शटरला चिकटवून मला रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यापाशी उभं केलंत. मधून रिक्षा चालल्या होत्या. "वाच की," तुम्ही ओरडलात. मला विद्यापीठाचं नाव वाचता आलं. दोन लोगो दिसले. बाकी सगळी मुंग्यांची रांग.

"विद्यापीठाचं नाव वाचून माणूस घरी चाललाय बघ. तुझा तेल्या कुठाय?"

इतर वाचकांसाठी सांगते, तेल्या म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा. फळावर तेलकट डाग पडतो आणि पुढे तिथेच फळ तडकतं. आमच्या सांगोल्याकडे या एका शब्दावर घरातलं बोलणं थांबतं. माझा विषय म्हणजे छाटणीच्या कात्रीवरून हा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कसा जातो, तो. पोस्टरवर मात्र हे तिसऱ्या रकान्यात, सातव्या ओळीत होतं. त्याच्या आधी डाळिंबाचं क्षेत्र, निर्यात, मृग, हस्त आणि आंबे बहार, जिवाणूचं लांबलचक शास्त्रीय नाव. सगळं खरं होतं, पण कुणी थांबून वाचेल असं त्यात काही नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "एका वाक्यात सांग, काय सापडलं?" मी चार वाक्यं बोलले. बाकावर वाढदिवसाचा फ्लेक्स करून घ्यायला आलेले एक शेतकरी काका बसले होते. ते म्हणाले, "म्हंजे कात्री धुवायची, आन् मगच पुढचं झाड धरायचं, असंच ना?"

अण्णा, परिषदेत माझ्या पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे इंग्रजी वाक्य होतं, ते त्या काकांचंच. इंग्रजीत लिहिलं मी, पण सापडलं ते मराठीत, तुमच्या बाकावर. काकांचं नाव विचारायचं राहिलं. फ्लेक्स न्यायला परत आले असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगितलात का?

तुम्ही पंचवीस वर्षं चादरीचे जेकार्ड डिझाइन काढायचात, हे मला त्या दिवशी कळलं. ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे, मग त्यावरून कार्डं पंच करायची. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जाणार. चौकोन चुकला तर मोराची मान वाकडी, आणि ती प्रत्येक चादरीवर वाकडी. "चादर दुकानात घडी घालून फळीवर असते," तुम्ही म्हणालात. "गिऱ्हाईक उंबऱ्यावरून बघतंय. तिथून आवडली तरच हात लावतंय, सूत बघतंय." पोस्टर कसं करावं यावर मी एक कार्यशाळा केली होती, प्रमाणपत्रही आहे. त्यात हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

मग कापाकापी सुरू झाली. तुम्ही तेलुगूत मोजत होतात, ओकटी, रेंडू, मूडू, आणि मूडूला थांबलात. तीन चित्रं ठेवायची, बाकीची गेली. अकराशे शब्दांचे चारशे झाले. आलेखात लाल आणि हिरवे खांब होते, ते निळे आणि नारिंगी केले, कारण कारखान्यात मागांवर देखरेख करणाऱ्या तुमच्या एका जॉबरला लाल-हिरवं एकच दिसायचं आणि त्यापायी एकदा अख्खा लॉट बिघडला होता. माझा आवडता झगझगीत निळा छापल्यावर मळकट आला, तेव्हा मी तुमच्या मशिनला दोष दिला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "स्क्रीनला मागनं लाईट असते. कागदाला कुठाय?" माफ करा, अण्णा. आरजीबी म्हणजे स्क्रीनचे रंग आणि सीएमवायके म्हणजे छपाईच्या शाईचे, ही अक्षरं मी आधी शंभर वेळा वाचली होती.

फोटोंचंही तेच. बाबांनी बागेतून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला तडकलेल्या फळाचा फोटो मोबाइलवर सुंदर दिसायचा, पण ए-झिरोवर नुसते चौकोन. तुम्ही सरळ बाबांना फोन लावलात आणि तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून कसा पाठवायचा ते दहा मिनिटं समजावलंत. बाबा अजून विचारतात, "ते जोराजोरात बोलणारे अण्णा कसे आहेत?"

एक युक्ती मात्र मी आता सगळ्या ज्युनिअरना सांगते. अख्खं पोस्टर आधी ए-फोरवर काढायचं. ए-झिरोच्या लांबीरुंदीच्या जवळपास पाव हिस्सा म्हणजे ए-फोर, त्यामुळे चोवीस पॉइंटचं अक्षर सहाचं होतं. हातात धरून ते वाचता आलं, तर पोस्टर जवळ उभं राहून वाचता येईल. डोळे बारीक करावे लागले, तर अक्षर वाढवायचं किंवा मजकूर काढायचा. तुम्ही दरवेळी मजकूर काढायला लावलात.

पोस्टर झालं, आणि मेल आला की दहा मिनिटं बोलायचंही आहे, वर दोन मिनिटं प्रश्नांना. ते काही तुमचं काम नव्हतं. तरी रात्री शटर अर्धं ओढून तुम्ही, सूनबाई आणि कटिंगवाला पोरगा माझं इंग्रजी भाषण ऐकत बसलात. तुम्हाला इंग्रजी येत नाही, मला वाटलं नुसती घड्याळाला मदत होईल. सोळा मिनिटं झाली. तुम्ही म्हणालात, "चार मिनिटं झाली तरी डागाचा फोटो आला नाही. आणि जिथं जिथं तू खाली बघितलीस ना, तिथं तुझंच तुला पटलेलं नाही."

घरी जाऊन बघितलं. मी खाली बघितलं होतं ते नेमकं दुसऱ्यांच्या शोधनिबंधांतून उचललेल्या तीन स्लाइडवर. त्या काढल्या. 1952 साली दिल्लीत झालेली या रोगाची देशातली पहिली नोंद मला फार प्रिय होती, तीही काढली, जड मनाने. बावीसच्या अकरा स्लाइड झाल्या. पहिल्याच स्लाइडवर बाबांचं तडकलेलं डाळिंब.

पोस्टर कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिलंत. परिषदेसाठी पुण्याला जाताना सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शेजारचे काका कुर्डुवाडीपर्यंत त्या नळीकडे बघत होते. शेवटी विचारलं, "बंदूक हाय का काय?"

पुण्यात काय झालं ते फोनवर सांगितलंच आहे. बक्षीस मिळालं नाही. पण माझ्या पोस्टरपाशी माणसं थांबली, आणि चहाच्या वेळेतही दोघं-तिघं होती. मागच्या एका परिषदेत मी दोन तास एकटी उभी होते, ते मला अजून विसरता येत नाही. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या द्रावणात, बुडवून बुडवून गंजते, मग शेतकरी हे किती दिवस करेल? मी वर बघूनच सांगितलं, "हे मी तपासलेलं नाही." त्यांनी तो प्रश्न माझ्या वहीत स्वतः लिहून दिला. पुढचं काम त्यावरच चाललंय. बाबांच्या तीन जुन्या कात्र्या सध्या प्रयोगशाळेत आहेत, आणि ते त्या रोज परत मागतात.

बिलावर तुम्ही फक्त कागद आणि शाई लावलीत. डिझाइनचे किती विचारलं, तर म्हणालात, "डिझाइन तुझं हाय की." ते खरं नाही, अण्णा. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव गाइड सरांच्या खालोखाल लिहिलंय. सरांनी वाचलं आणि फक्त शुद्धलेखन दुरुस्त केलं.

शेंगा चटणी आईने दिली आहे, ती घेऊन सोमवारी येते. ऑक्टोबरात दुसरी परिषद आहे. या वेळी बोर्ड आडवे आहेत, मी फोन करून विचारलंय.

तुमची,
तेल्यावाली पोरगी