वारेची जागा गर्भवतीच्या कार्डावर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदर स्त्रीने काय खावे, किती चालावे, कोणत्या कुशीवर झोपावे याविषयी आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर वरचेवर लिहून येते आणि ते उपयोगाचेही असते. मात्र ज्या अवयवाच्या आधाराने बाळ नऊ महिने पोटात जगते, त्या वारेविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. माझी सारी नोकरी शासकीय रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात झाली. तेथे सतत जाणवले ते असे की, वारेबद्दल घरोघरी धास्ती पुष्कळ असते, पण ती बहुतेक वेळा नको तेथे असते, आणि खरोखर सावध राहायला हवे तेथे सारे निर्धास्त असतात. म्हणून एक सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सोनोग्राफीत दिसलेली वारेची जागा आणि पूर्वी सिझेरियन झाले आहे की नाही, या दोन गोष्टी प्रत्येक गर्भवतीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहिल्या जाव्यात.

पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर पडलेली वार साधारण अर्धा किलो वजनाची आणि वीस-बावीस सेंटिमीटर रुंदीची असते. तिची बाळाकडची बाजू गुळगुळीत व निळसर करडी दिसते आणि नाळ जेथे चिकटलेली असते तेथून रक्तवाहिन्या कडेपर्यंत पसरलेल्या असतात. पालथी केली की आईकडची बाजू दिसते, ती गडद लाल, मांसल आणि पंधरा-वीस खंडांत विभागलेली. बाळंतपण झाल्यावर वार ट्रेमध्ये पसरून तिच्यावरच्या गुठळ्या पुसून काढायच्या, खंड एकमेकांशी जुळतात का ते पाहायचे, कडेला एखादी रक्तवाहिनी मध्येच तुटलेली तर नाही ना हे बोटाने चाचपायचे, आणि मगच ‘वार पूर्ण’ अशी नोंद करायची, हा आमचा शिरस्ता होता. वारेचा लहानसा तुकडा जरी आत राहिला तरी गर्भाशय नीट आवळले जात नाही आणि रक्त थांबत नाही. बाहेर थांबलेले नातेवाईक त्या वेळी बाळाचे वजन विचारत असतात, ते साहजिकच आहे. पण वार पूर्ण पडली का, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच आस्थेने विचारावा, असे मला नेहमी वाटत आले.

आईचे आणि बाळाचे रक्त वारेत एकत्र मिसळते, असा समज अजूनही आहे. वस्तुतः बाळाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आईच्या रक्ताने भरलेल्या पोकळीत बुडलेल्या असतात आणि मधल्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण चालते. प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, लोह आणि शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या अंगातील रोगप्रतिकारक द्रव्ये बाळाकडे जातात, तर बाळाच्या शरीरात निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड आणि इतर टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात. वार हार्मोन्सही तयार करते, आणि त्यांपैकी काहींमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ज्या स्त्रीला पूर्वी कधीही साखरेचा त्रास नव्हता तिला गरोदरपणात मधुमेह का होतो, याचे मुख्य कारण येथे आहे. म्हणूनच पहिल्या तपासणीला साखर ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी देऊन दोन तासांनी पुन्हा रक्त तपासतात. ती चाचणी ‘मागे एकदा झाली आहे’ म्हणून टाळू नये.

हा पडदा सगळेच अडवतो असे नाही. मद्य, निकोटिन आणि अनेक औषधे त्यातून सहज पलीकडे जातात. आपल्या भागात सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया थोड्या, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावतो’ असे त्या प्रामाणिकपणे सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईतील १२१७ गर्भवतींच्या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. सासूबाईच मिश्री लावत असतील तर सुनेला ती सोडायला सांगणे किती अवघड जाते हे मी जाणते. तरीही पहिल्या महिन्यापासून हे सांगितले गेले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. साधारण पाचव्या महिन्यात होणाऱ्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘वार खाली आहे’ असे आले की घर हादरते. एका मुलीला घरच्यांनी अशा अहवालानंतर कित्येक महिने खाटेवरून खाली उतरू दिले नव्हते आणि वार वर सरकावी म्हणून खाटेच्या पायथ्याकडील पायांखाली विटा लावल्या होत्या. वास्तविक त्या वेळी खाली दिसणाऱ्या वारांपैकी बहुसंख्य, साधारण दहांतील नऊ, दिवस भरेपर्यंत गर्भाशयाच्या मुखापासून दूर गेलेल्या असतात. वार स्वतः चालत जात नाही. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांबतो, त्यामुळे वारेची कड आणि गर्भाशयाचे मुख यांतील अंतर वाढते. झोपून राहण्याने किंवा विटा लावण्याने त्यात काही फरक पडत नाही, उलट महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या गर्भवतीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. करायचे ते इतकेच की, ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करायची, तेव्हाही कड मुखापासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर ३६ आठवड्यांना आणखी एकदा करायची, आणि डॉक्टरांनी योनीमार्गातून सोनोग्राफी सुचवली तर घाबरून नकार द्यायचा नाही, कारण तज्ज्ञाच्या हातून ती सुरक्षित असते आणि अंतर तिच्यातूनच अधिक अचूक कळते.

नेमकी हीच ३२ आठवड्यांची सोनोग्राफी आपल्याकडे हुकते, आणि त्याचे कारण वैद्यकीय नसून कौटुंबिक आहे. पाचव्या महिन्याची तपासणी मुलगी सासरी असताना, बहुधा पुण्या-मुंबईकडे, होते. सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. आणि जुनी फाइल तिकडच्या कपाटात राहते. माहेरच्या डॉक्टरांना सांगितले जाते की, ‘सोनोग्राफी झाली आहे, सगळे नॉर्मल आहे.’ ऊसतोडणीसाठी बीडहून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या स्त्रियांची स्थिती याहून कठीण असते, कारण हंगामाच्या चार-सहा महिन्यांत त्यांचे गावच बदललेले असते आणि कोपीतून (फडावरच्या झोपडीतून) तपासणीला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. अशी स्त्री रात्री रक्तस्राव होत असताना अनोळखी रुग्णालयात पोहोचते तेव्हा वार कोठे आहे हे तेथील कोणालाच ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसताना आतून तपासणी करणे अत्यंत धोक्याचे असते, कारण बोटाचा धक्का लागून रक्ताची धार सुरू होऊ शकते. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते, हे लक्षात घेतले म्हणजे तेथे मिनिटे का मोजावी लागतात ते समजेल.

अशा रक्तस्रावात बहुधा पोट दुखत नाही, आणि म्हणूनच तो फसवा असतो. ‘दुखत नाही ना, मग सकाळी जाऊ’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याविषयी कळकळीने लिहिल्यावाचून राहवत नाही. सहाव्या महिन्यानंतर लालभडक रक्त, थोडे असो वा जास्त, दुखत असो वा नसो, दिसले की त्याच क्षणी १०८ ला फोन करून निघायचे, आणि पहिला स्राव आपोआप थांबला तरी तपासणी टाळायची नाही.

पूर्वीचे सिझेरियन आणि खाली असलेली वार ही जोडी याहूनही गंभीर आहे. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशयाचे अस्तर विरळ झालेले असते. वार तेथेच रुजली तर ती स्नायूंत खोलवर घुसू शकते आणि बाळंतपणानंतर सुटून येत नाही. अशी वार ओढून काढण्याचा प्रयत्न केला तर काही मिनिटांत प्राणावर बेतते आणि पुष्कळदा गर्भाशय काढावे लागते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वार मुखावर असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांचे पूर्वी एक सिझेरियन झाले होते त्यांच्यात वार अशी खोलवर घुसण्याचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, आणि दोन सिझेरियन झालेल्यांत ते ४० टक्क्यांवर गेले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्क्यांवर आले. म्हणजे दुसऱ्या खेपेला गर्भाशयावर व्रण घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढतच राहणार. आवश्यक असेल तेव्हा सिझेरियन प्राण वाचवते, त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण मुहूर्त साधण्यासाठी किंवा कळा नकोत म्हणून पहिल्या खेपेला ते करून घेणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या खेपेच्या वारेविषयी कोणी काही सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. अशा स्त्रीचे बाळंतपण रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि अनुभवी शल्यविशारद असलेल्या ठिकाणी, दिवस ठरवून आणि रक्ताची सोय आधी करूनच व्हायला हवे. ऐनवेळी तालुक्याहून जिल्ह्याला नेण्याने ते साधत नाही.

वेळेआधी वार सुटणे हा निराळा प्रकार आहे. त्यात पोट दगडासारखे कडक होते, सतत दुखते, बाळाची हालचाल मंदावते आणि रक्त आतच साठल्यामुळे बाहेर थोडेच दिसते, म्हणून बाहेरच्या रक्तावरून त्याची तीव्रता ठरवता येत नाही. वाढलेला रक्तदाब हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराचे मूळही वारेतच, तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंद न होण्यात असते. दर भेटीत रक्तदाब मोजून १४०/९० च्या वर गेला तर लगेच दाखवणे आणि डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज येणे यांकडे ‘गरोदरपणात होतेच’ म्हणून काणाडोळा न करणे, एवढे प्रत्येक घरी जमण्यासारखे आहे.

काही चिंता मात्र निखालस सोडून द्याव्यात. वार पुढच्या बाजूला असणे हा दोष नाही. बाळाची हालचाल थोडी उशिरा आणि हलकी जाणवते, इतकेच. ती उजवीकडे की डावीकडे यावरून मुलगा-मुलगी सांगणारे आडाखे निराधार आहेत आणि १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याच्या हेतूला ते हरताळ फासतात. गळ्याभोवती नाळेचा वेढा सुमारे चारांतील एका बाळाला असतो आणि बहुतेकांना त्याची बाधा होत नाही. दिवस भरत आल्यावर अहवालात वारेत ‘कॅल्शियम साठल्याचे’ दिसले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. ते साठणे वारेच्या वयाचे लक्षण असते, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना त्या गोळ्या रक्तदाबाच्या विकारापासून काही अंशी वाचवतात.

माझी सूचना अंमलात आणायला नवा निधी किंवा नवे यंत्र लागत नाही. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की डॉक्टरांनी, किंवा अहवाल पाहून परिचारिकेने, कार्डावर लाल शाईने ‘वार वर’, ‘वार खाली, ३२ आठवड्यांना पुन्हा तपासणी’ किंवा ‘वार खाली व पूर्वी सिझेरियन, मोठ्या रुग्णालयातच बाळंतपण’ असे लिहावे आणि पुढील सोनोग्राफीची तारीख घालावी. खासगी दवाखान्यात तपासणी झालेल्या स्त्रीच्या कार्डावरही ही नोंद व्हावी. माहेरी जाताना किंवा तोडणीला जाताना ते कार्ड तिच्या पिशवीत आहे याची खात्री गावातील आशाताईंनी करावी. सातव्या-आठव्या महिन्यात नव्याने गावात आलेल्या गर्भवतीला त्यांनी सर्वप्रथम ‘वार कोठे आहे, कार्डावर लिहिले आहे का’ हाच प्रश्न विचारावा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते, आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, रक्त व वाहनव्यवस्था यांचा खर्च शासन करते. आपल्या दैनिकाने दर महिन्याच्या ८ तारखेला एक छोटी चौकट छापून उद्याच्या तपासणीची आठवण करून द्यावी, आणि तिच्यात ‘वार कोठे आहे ते विचारा व कार्डावर लिहून घ्या’ ही ओळ घालावी, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
जि. सातारा