दुसऱ्या प्रयोगाबद्दल काकूंचे आभार

ती. काकूंस,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं, स्वयंपाक झाला का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची भाची वाचून दाखवेल, आणि तिच्यासमोर तुम्हाला विषय बदलता यायचा नाही.

दिवाळी अंकासाठी मी ब्रिटिश टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळातल्या रविवारांवर लेख लिहायला घेतला होता. पहिला खर्डा तुम्हाला वाचून दाखवला, तेव्हा मी जरा फुशारकीतच होते. बीबीसीची टेलिव्हिजन सेवा २ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. पहिलं जवळजवळ दीड वर्ष रविवारी सुट्टीच, रविवारचे कार्यक्रम एप्रिल १९३८ मध्ये आले. मग युद्ध, १ सप्टेंबर १९३९ ला सगळं बंद, ते ७ जून १९४६ ला पुन्हा सुरू. सगळं तपासलेलं, आणि सगळं वाळवणासारखं कोरडं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तारखा छान आहेत गं. पण माणसं कुठे बसली होती?"

तिथून पुढचे पाच रविवार तुम्ही मला दिलेत. नव्वदी ओलांडल्यावर दुपारची झोप सोडून!

१९५४ चा हिवाळा. लग्न होऊन तुम्ही नुकत्याच लंडनला गेलेल्या, काकांचं शिक्षण चाललेलं, उत्तर लंडनमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याची एक खोली. टीव्ही खाली घरमालकीणबाईंकडे. नऊ इंचांची काच आणि तिच्यापुढे पट्ट्यांनी अडकवलेलं जाडजूड भिंग. समोर बसलं तर चित्र मोठं दिसायचं, कडेला बसलं की निवेदकाचा गाल फुगायचा. त्यामुळे मधल्या खुर्चीला भाव. ती खुर्ची बाईंची. बाई चहा ठेवायला उठल्या की काका तिथे जाऊन बसायचे आणि त्या आल्या की निमूट उठायचे. हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात की फोन कट झाला असं मला वाटलं.

संध्याकाळी सहा ते सात पडदा कोरा. लहान मुलांना झोपवता यावं म्हणून तो तास सरकारी नियमानेच मोकळा ठेवलेला होता. फेब्रुवारी १९५७ मध्ये हा नियम गेला, तरी रविवारी संध्याकाळी लोकांनी चर्चला जावं हा विचार काही लगेच गेला नाही. ही माहिती माझ्याकडे होती. पण बाईंना मूल नव्हतं, त्या चर्चलाही जात नसत, आणि तो तासभर कोऱ्या काचेसमोरच विणत बसत, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं? दोन कार्यक्रमांच्या मधे कधी कधी कुंभाराचं चाक दाखवत: दोन हात, ओली माती, आणि कधीच पुरं न होणारं मडकं. तुम्हाला म्हणे त्या माणसाला सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, आता उतरव ते! (आम्ही आपले 'रुकावट के लिए खेद है'च्या पाटीकडे बघत मोठे झालो. मडकं बरं.)

आणि मग १२ डिसेंबरची रात्र. रविवारचं नाटक होतं जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीवरचं. रूपांतर नायजेल नील यांचं, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिए यांचं, मुख्य भूमिकेत पीटर कुशिंग. जवळजवळ दोन तासांचं हे नाटक, मधले थोडे चित्रित तुकडे सोडले तर, बीबीसीच्या लंडनमधल्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओतून थेट. शेवटाकडे उंदीर आले तेव्हा बाईंनी विणकाम तोंडावर धरलं. तुम्ही मात्र गप्प बघत राहिलात, कारण "सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात घुशी मांजराएवढ्या होत्या, मला कसली भीती!" पुढे वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, पार्लमेंटमध्ये ठराव मांडले गेले. तरीही गुरुवारी, १६ तारखेला, नाटक पुन्हा झालं.

माझ्या खर्ड्यात मी इथे 'पुनःप्रक्षेपण' लिहिलं होतं. तुम्ही मला तिथेच थांबवलंत. "पुनःप्रक्षेपण कसलं? तीच मंडळी परत येऊन पहिल्यापासून करायची. दुसरा प्रयोग म्हण." खरंच की! रविवारचं नाटक गुरुवारी पुन्हा करायचं अशी तेव्हाची रीतच होती, आणि मी आजच्या सवयीने त्याला फितीवर चढवून मोकळी झाले होते. त्या एका शब्दाने माझा अख्खा लेख उलटा झाला. आज त्या नाटकाचं जे चित्रण उरलं आहे ते गुरुवारचं, दुसऱ्या प्रयोगाचं. रविवारचा पहिला प्रयोग कुठेही नाही. तो तुमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढून गेला, संपला.

हे कळल्यावर मी हावरटासारखी मागेच लागले. काकू, दोन्ही पाहिलेत ना, फरक सांगा. कुणी अडखळलं? कुणाचा आवाज बसला? तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "नाही गं आठवत. गुरुवारी बाईंनी शेजारणीला बोलावलं होतं, म्हणून मला दाराशी उभं राहून बघावं लागलं, एवढं आठवतंय. उगाच खोटं कशाला सांगू?"

तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी मी छापलं असतं. तपासणार कोण होतं? म्हणूनच सर्वांत जास्त आभार या 'नाही आठवत'चे.

अंक गेल्या आठवड्यात आला. 'दुसरा प्रयोग' संपादकांनी एकदा बदलून 'पुनःप्रसारण' केलं होतं, मुद्रितात मी ते परत घातलं. दाराशी उभं राहण्याचंही आहे. भाचीबरोबर दोन प्रती पाठवल्या आहेत, सोबत चकलीची भाजणी. भाजणी जरा जाडसर दळली गेली आहे, तेवढं चालवून घ्या.

तुमची,
रविवारी दुपारी फोन करणारी