निळ्या कागदाबद्दल, आजी

आजी,

हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे. माझं चिनी भाजीबाजारापुरतं, आणि तुमची उत्तर शान्शीची बोली तर शीआन शहरातल्या लोकांनाही अर्धीच कळते. तुमची नात फोनमध्ये घालून वाचून दाखवेल. फोन निम्मं चुकीचं सांगेल. चालेल.

डिसेंबरात माझी आई सोलापुरात वारली आणि मला पोचता आलं नाही. ‘तिकीट पक्कं’ असं शपथेवर सांगणाऱ्या एजंटाचं तिकीट विमानतळावर कच्चं निघालं. आईला शेवटचं पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर, तेही अडकत अडकत. त्या माणसाला या पत्रात याहून जास्त जागा नाही.

मग जानेवारीच्या २९ तारखेला तुमचं नवीन वर्ष आलं. त्याआधी आठवडाभर सगळी इमारत लाल होत गेली. इमारतीच्या ऑफिसातला माणूस दारोदार प्लास्टिकचं छापील ‘फू’, म्हणजे सौभाग्याचं चिनी अक्षर, चिकटवत फिरत होता. ते उलटं लावतात, कारण ‘उलटं’ आणि ‘आलं’ या दोन्ही शब्दांचा उच्चार तुमच्याकडे एकच, म्हणजे सौभाग्य आलं. मी हात जोडून नको म्हटलं, घरात दुःख आहे म्हटलं. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि मी दार लावताच चिकटवून गेला. यादीत खूण करायची असणार. आमची इथली मराठी मंडळी तरी वेगळं काय बोलली? ‘लाव गं काहीतरी लाल, तेवढंच बरं वाटेल, आणि रात्री जेवायला ये, अंताक्षरी आहे.’

आणि मग तुम्ही खालच्या मजल्यावरून वर आलात. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, मागे नात. वाटीत मैद्याची खळ होती, अजून कोमट. माझी आई आकाशकंदिलासाठी अगदी अशीच खळ करायची, गुठळी राहिली की चिडायची. तुमच्या खळीतही एक गुठळी नव्हती.

नातीने सांगितलं, ‘आजीला खालून तुमची खिडकी ओकीबोकी दिसते, तिला ते बघवत नाही.’ तुमचं लहानपण उत्तर शान्शीतल्या आन्साईकडच्या डोंगरात कोरलेल्या घरातलं. त्या घरांना उजेड एकाच बाजूने, लाकडी जाळीच्या खिडकीतून, आणि जाळीवर काचेऐवजी पांढरा कागद. वर्ष संपताना जुना, धुराने पिवळा पडलेला कागद काढायचा, नवा लावायचा आणि त्यावर कात्रीने कापलेली लाल फुलं. मुलगी पसंत करायला आलेले लोक म्हणे आधी तिच्या हातची फुलं बघत. हे सांगताना तुम्ही तोंडावर हात धरून हसलात, त्यावरून तुमच्या लग्नाचं काय झालं असेल ते मला कळलं.

बोलता बोलता तुम्ही पिशवीतली जुनी वही उघडून पानापानातली लाल फुलं टेबलावर मांडत होतात. कमळाखाली मासा. सशाला वेटोळं घालून बसलेला साप. तुमच्या पंचांगात हे सापाचं वर्ष ना, आणि सापाने ससा वेढला की घर श्रीमंत, अशी तुमच्याकडची म्हण. तेवढ्यात तुमची नजर फडताळावरच्या आईच्या फोटोवर गेली. हार नव्हता, पुढे फक्त एक मोसंबं ठेवलेलं.

तुम्ही काही विचारलं नाहीत. मांडलेली लाल फुलं एकेक करून उचललीत, ज्या पानातून काढली त्याच पानात परत ठेवलीत, पिशवीचा बंद आवळलात आणि खाली निघून गेलात. मला वाटलं, झालं, अपशकुन वाटला म्हणून गेल्या. वाटी मात्र टेबलावरच होती.

दहा मिनिटांनी परत आलात ते निळा कागद घेऊन.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी त्या वर्षी लाल लावत नाहीत. कुठे निळा लावतात, कुठे हिरवा, कुठे पिवळा, गावागावाची रीत वेगळी. हे मला नंतर नातीने समजावलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की तुम्ही कागदाची चौपदरी घडी घातलीत आणि कात्री जवळजवळ जागची न हलवता कागदच फिरवत गेलात. आधी आतल्या बारीक चंद्रकोरी, मग पाकळ्यांच्या कडेचे करवतीसारखे दाते, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. घडी उलगडली तर कमळ. साधं, ना मासा ना साप. मग तसंच दुसरं. रंग कच्चा असावा, तुमच्या बोटांची टोकं निळी झाली होती.

आजी, माझी आई लोकांच्या साड्यांवर भरतकाम करून द्यायची. टोचलेल्या कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवून नक्षी कापडावर उतरवायची. तिच्या बोटांची टोकं कायम तशीच असायची. त्या दिवशी मी रडले ते यासाठी. तुम्हाला वाटलं असेल कमळ आवडलं नाही.

तुमची ही कात्रीची कला २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे म्हणतात. असू दे. पर्यटकांच्या दुकानात यंत्राने कापलेली, प्लास्टिकच्या पाकिटातली फुलं मीही विकत घेतली होती, आणि ‘याचा अर्थ काय?’ विचारलं तर प्रत्येक फुलाला ‘गुड लक’ एवढंच उत्तर होतं. तुम्ही मात्र त्या दुपारी सांगत बसलात की पाऊस थांबेना झाला की हातात खराटा घेतलेली कागदी बाई टांगायची, ती आभाळ झाडून काढते. आणि पोर दचकून आजारी पडलं की दोन अंबाड्यांच्या बाहुल्या कापून त्याचा जीव परत बोलवायचा. आम्ही मीठमोहऱ्या ओवाळतो. सांगायला गेले, पण ‘दृष्ट’ला चिनी शब्द सुचेना.

निघताना दारावरचं ते प्लास्टिकचं ‘फू’ तुम्ही नखाने खरवडून काढलंत आणि घडी घालून खिशात टाकलंत. त्याचं काय केलंत?

तुमचा नवीन वर्षानंतरचा दिव्यांचा सण होऊन गेला, तुम्ही अजून गावाहून आला नाहीत. वाटी माझ्याकडेच आहे. आमच्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, आणि हे वर्ष मी गोडधोड करणार नाही. म्हणून शेंगदाण्याची चटणी घालून ठेवली आहे, सोलापुरी, आईच्या पद्धतीची. तुम्हाला तिखट चालतं हे मला माहीत आहे, पण ही जरा बेतानेच घ्या.